शेजारच्या वाईनरीचं सांडपाणी आमच्या नाल्यात येतंय, ग्रामपंचायत तिचा परवाना रद्द करू शकते का?

रद्द करणं ग्रामपंचायतीच्या हातात नाही. सांडपाण्याची संमती महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ देतं, १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याच्या कलम २५ खाली, आणि काढूनही तेच घेतं. पण ‘आमच्या अखत्यारीत येत नाही’ म्हणून ग्रामसेवक मोकळे होत असतील, तर ते मला मान्य नाही. गावाच्या पाण्याची जबाबदारी पंचायतीचीच आहे.

मी नाशिकच्या दिंडोरी भागात एका वाईनरीच्या ईटीपीवर, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या प्रकल्पावर, काही हंगाम काम केलंय. त्यावरून सांगतो, आधी त्या वाईनरीचं संमतीपत्र मिळवा. मंडळाच्या संकेतस्थळावर शोधा. नाही सापडलं तर मंडळाच्या कार्यालयात जा. संमतीच्या अटींची नोंदवही ठेवणं आणि ज्याचा संबंध येतो त्याला ती दाखवणं कायद्याने मंडळावर बंधनकारक आहे. मी पाहिलेल्या संमतीपत्रांत शुद्ध केलेलं पाणी स्वतःच्याच आवारात झाडांना द्यायचं, अशी अट होती. तुमच्याकडेही तीच असेल तर पाणी नाल्यात येणं हाच अटीचा भंग झाला. ते किती घाण आहे, हा वाद नंतरचा. नाल्यात सोडायची मुभा असलीच, तर बीओडी (पाण्यातली घाण कुजताना किती ऑक्सिजन खाते त्याचं माप) लिटरला ३० मिलिग्रॅमच्या आत लागतो. टाक्या धुतलेल्या कच्च्या पाण्याचा बीओडी हजारांत असतो.

आता वेळेचं. द्राक्षं जानेवारी ते मार्चमध्ये येतात आणि साखर, अल्कोहोल, आम्ल असलेलं धुण्याचं पाणी तेव्हाच लोंढ्यासारखं ईटीपीत येतं. एरवी तिथले घाण खाणारे जिवाणू उपाशी असतात. आम्ही डिसेंबरपासून शेणकाला, युरिया, डीएपी घालून ते वाढवायचो. एका वर्षी मालकाने त्यासाठी पैसे दिले नाहीत, क्रशिंग (द्राक्षं चिरडणं) सुरू होताच टाकी आंबली, आणि ते पाणी रात्री कुंपणाबाहेर सोडलं गेलं. खाली लोकांच्या विहिरी होत्या. मी तेव्हा गप्प बसलो, ते आजही मनाला लागतं. म्हणून कळकळीने सांगतो, तपासणी हंगामातच मागा. जुलैत येऊन घेतलेला नमुना चांगलाच निघणार.

नमुना मंडळाच्या अधिकाऱ्यानेच घ्यायला हवा. तो वाईनरीच्या माणसाला तशी सूचना देतो, त्याच्यासमोर नमुन्याचे दोन भाग करून सील करतो. ही रीत चुकली तर तो अहवाल कोर्टात टिकत नाही. तुम्ही बाटलीत भरून नेलेलं पाणी तक्रारीला जोर देईल, एवढंच.

पंचायतीने काय करावं? ग्रामसभेत ठराव घ्या. त्यात तारखा लिहा, कोणत्या वेळी वास येतो, नाल्याच्या दगडांवर पांढरट-करडा बुळबुळीत थर कुठवर दिसतो तेही लिहा. जलसुरक्षकाकडून (गावातलं पाणी तपासणीला पाठवणारा पंचायतीचा माणूस) सार्वजनिक विहिरीचं पाणी तपासून अहवाल जोडा. ठराव मंडळाच्या प्रादेशिक अधिकाऱ्याला आणि गटविकास अधिकाऱ्याला पाठवून पोच घ्या. त्याच कायद्याच्या कलम ३३-अ खाली मंडळ उद्योग बंद करायचा, वीज तोडायचा आदेश देऊ शकतं.

तरी हालचाल नाही झाली, तर पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यात आहे. तिथे मात्र वादाचं कारण घडल्यापासून ६ महिन्यांत जावं लागतं, म्हणून तारखा आत्तापासूनच टिपून ठेवा.

आणि द्राक्षाचा चोथा कुठे टाकतात, तेही बघा. उघड्यावर ढीग असेल तर पहिल्या पावसात त्याचाही रस तुमच्याच नाल्यात उतरेल.