पासवर्ड बरोबर असूनही लॅपटॉप एज्युरोमला (विद्यापीठांच्या सामायिक वायफायला) जोडला जात नाही, काय करू?

आधी युजरनेम बघा, घोळ बहुतेक तिथेच असतो. नुसता रोल नंबर टाकून भागत नाही. त्यापुढे @ आणि विद्यापीठाचं डोमेन हवं. तुमची खातरजमा कोणत्या संस्थेच्या सर्व्हरकडे करायची, हे @ च्या पुढच्या भागावरूनच ठरतं. म्हणून तर एकाच खात्यावर परदेशातल्या सदस्य विद्यापीठातही वायफाय मिळतं.

तरीही जमलं नाही तर सेव्ह झालेलं एज्युरोम 'फरगेट' करा. मग मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून एज्युरोमच्या 'कॅट' साइटवर जाऊन तुमच्या विद्यापीठाचा इन्स्टॉलर उतरवा आणि चालवा. यादीत विद्यापीठ नसेल, तर आयटी विभागाकडून सेटिंग घ्या. लॉगिन तपासण्याची पद्धत म्हणून बऱ्याच ठिकाणी पीईएपी आणि एमएसचॅपव्ही२ असतं, पण सगळीकडे नाही.

उबुंटू (लिनक्स) वापरणारे हमखास 'सर्टिफिकेट नको' वर टिक करून मोकळे होतात, म्हणजे समोरचा सर्व्हर खरा आहे का हे तपासतच नाहीत. जोडलं जातं खरं, पण त्याच नावाचं बनावट वायफाय कोणी उभं केलं तर तुमचा लॉगिन त्याच्या हाती लागू शकतो. आणि हो, लॅपटॉपची तारीख चुकलेली असली तरी सर्टिफिकेट नाकारलं जाऊ शकतं.