डिपॉझिट सोडून देऊ नका

प्रश्न : आम्ही एडिसनला अपार्टमेंटमध्ये राहत होतो. भाडं महिना २,४०० डॉलर, डिपॉझिट ३,६०० डॉलर. ३० जूनला लीज संपलं, त्याच दिवशी किल्ल्या दिल्या, नवा पत्ताही लिहून दिला. ऑगस्टच्या मध्यावर १,७०० डॉलरचा चेक आला. सोबत एकच ओळ : 'रंगकाम आणि कार्पेट'. ओळखीचे सांगतात, व्हिसावर असताना कोर्टाची पायरी चढू नका, वकिलाच्या फीमध्येच पैसे जातील. अमेरिकेचा कायदा काय म्हणतो?
– एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : ताई, तुमचा प्रश्न अमेरिकेच्या कायद्याचा नाही, न्यू जर्सीच्या कायद्याचा आहे. व्हिसा वॉशिंग्टनच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या हातात. पण घरभाडं, घटस्फोट, मृत्युपत्र, बहुतेक फौजदारी गुन्हे हे सगळं राज्याच्या कायद्यात येतं आणि राज्याच्याच कोर्टात चालतं. दिवाणी दावा लावणं म्हणजे गुन्ह्याची नोंद नव्हे. मी इथल्या कोर्टांत मराठी-हिंदी दुभाषी म्हणून काम करते. ही एवढी भीती मनात धरून आपली माणसं हक्काचे पैसे सोडून देतात, याचं मला फार वाईट वाटतं.

या राज्याचा डिपॉझिटचा कायदा भाडेकरूच्या बाजूनं भक्कम आहे. दीड महिन्याच्या भाड्याहून जास्त डिपॉझिट घेता येत नाही. ते व्याज देणाऱ्या खात्यात ठेवायचं आणि व्याज भाडेकरूचं. लीज संपल्यापासून ३० दिवसांत डिपॉझिट व्याजासह परत करायचं. काही कापलं असेल तर कशाचे किती, याचा तपशीलवार हिशेब द्यायचा, तोही हातोहात किंवा रजिस्टर्ड अथवा सर्टिफाइड टपालानं. तुमच्या बाबतीत मुदत उलटून गेली होती आणि एका ओळीची चिठ्ठी म्हणजे हिशेब नव्हे. रोजच्या वापरानं भिंत मळते, कार्पेट झिजतं. त्याचे पैसे कापता येत नाहीत. कार्पेट जळलं किंवा फाटलं असेल तर गोष्ट वेगळी.

चुकीनं अडवलेल्या रकमेच्या दुप्पट रक्कम न्यायाधीश भाडेकरूला देववतात, शिवाय कोर्टाचा खर्च. तुमचे १,९०० डॉलर अडवले आहेत, म्हणजे दावा ३,८०० डॉलरचा.

एक अपवाद जर्सी सिटीकडच्या वाचकांनी नीट वाचावा. मालक त्याच घरात राहतो आणि भाड्याच्या जागा दोनपेक्षा जास्त नाहीत, तर हा कायदा आपोआप लागू होत नाही. तो लागू करावा, असं भाडेकरूनं मालकाला लेखी कळवून ३० दिवसांची मुदत द्यावी लागते. मालक खाली आणि आपण वर, अशा घरात राहायला गेलात की पहिलं काम हे पत्र पाठवण्याचं.

आता दावा कुठं लावायचा. गावातल्या म्युनिसिपल कोर्टात नाही. तिथं वाहतुकीची तिकिटं आणि किरकोळ गुन्हे चालतात. दिवाणी दावे सुपिरियर कोर्टात. राज्याच्या २१ काउंट्यांपैकी, म्हणजे जिल्ह्यांपैकी, प्रत्येकीत ते बसतं. एडिसन ज्या काउंटीत येतं त्या आपल्या मिडलसेक्सचं न्यू ब्रन्सविकला आहे. १९४७ साली याच न्यू ब्रन्सविकात, रटगर्स विद्यापीठात, राज्याची आजची घटना लिहिली गेली आणि जुन्या कोर्टांचा गुंता मोडून ही रचना आली. वर अपिलाची शाखा, त्याच्यावर सात न्यायाधीशांचं सुप्रीम कोर्ट. इथले न्यायाधीश निवडणूक लढवत नाहीत. गव्हर्नर नेमतो, सिनेट संमती देते. पहिली सात वर्षं, फेरनेमणूक झाली की वयाच्या सत्तरीपर्यंत. मला ही पद्धत मनापासून आवडते. समोरच्या मालकानं कुणाच्या प्रचाराला पैसे दिले, हा विचार भाडेकरूला करावा लागत नाही.

याच कोर्टात स्मॉल क्लेम्स विभाग आहे, ५,००० डॉलरपर्यंतच्या दाव्यांचा. तुमचा दावा त्यात बसतो. पूर्ण ३,६०० अडवले असते तर दुप्पट ७,२०० झाले असते. मग याच कोर्टाच्या मोठ्या रकमेच्या विभागाकडे, स्पेशल सिव्हिल पार्टकडे, जावं लागलं असतं, तिथली मर्यादा २०,००० डॉलर. स्मॉल क्लेम्समध्ये ज्यूरी नसते, वकील लागत नाही. मालक राहतो किंवा त्याचा व्यवसाय आहे त्या काउंटीत अर्ज भरा. तारखेला आधी तडजोडीचा प्रयत्न होतो. समोरचा 'अर्धे घ्या' म्हणाला तर दुप्पट रकमेचा हक्क लक्षात ठेवून उत्तर द्या. तडजोड नको असेल तर तसं सांगायचं, मग न्यायाधीश ऐकतात.

लीज, डिपॉझिट भरल्याचा पुरावा, घर सोडतानाचे फोटो, पत्ता दिल्याचं पत्र आणि ती एका ओळीची चिठ्ठी, सगळं कागदावर छापून न्या. फोनमधले फोटो न्यायाधीशांपुढे शोधत बसायला वेळ मिळत नाही.

आणि इंग्रजीत बोलायची धास्ती असेल तर अर्जावरच दुभाष्याच्या प्रश्नापुढे 'मराठी' लिहा. खर्च कोर्ट करतं. शेजाऱ्याला किंवा मुलाला दुभाषी म्हणून नेऊ नका. न्यायाधीशांपुढे तुमचा शब्द न् शब्द जसाच्या तसा पोचायला हवा आणि ते काम शपथ घेतलेल्या माणसाचं आहे.