वाचकांचे प्रश्न : बोट पाण्यातून ट्रेलरवर घेताना

प्रश्न : आमची पाच मीटर लांबीची फायबरची बोट पाण्यात असताना ट्रेलरवर अगदी मधोमध आल्यासारखी दिसते, परंतु ट्रेलर रॅम्पवरून वर ओढला की ती दर वेळी एका अंगाला कललेली आणि पुढच्या रबरी ठोकळ्यापासून चार बोटे मागे सरकलेली आढळते. आमचे काय चुकते?

उत्तर : आपल्या वर्णनावरून असे वाटते की आपण ट्रेलर गरजेपेक्षा खोल पाण्यात नेत आहात. ही चूक फार जणांकडून होते, कारण जितके पाणी जास्त तितकी बोट सहज चढेल, असे कोणालाही वाटणे स्वाभाविक आहे. बोट सहज चढते हे खरे, पण ती तरंगत असेपर्यंत ट्रेलरच्या आधारपट्ट्यांशी, म्हणजे गालिचा ठोकलेल्या त्या लांब फळ्यांशी, तिचा काही संबंधच नसतो. मग ट्रेलर वर येताना ज्या क्षणी पाणी कमी पडते, त्या क्षणी वारा किंवा लाट तिला जिथे ढकलेल तिथे ती बसते.

यासाठी ट्रेलर आधी पूर्ण मागे नेऊन पट्ट्यांवरचा गालिचा भिजवून घ्यावा, कारण कोरड्या गालिच्यावर बोटीचा तळ अडकतो. त्यानंतर गाडी पुढे घेऊन पट्ट्यांचा पुढचा साधारण एक तृतीयांश भाग पाण्याबाहेर येईल आणि चाकांवरचे मडगार्ड जेमतेम दिसू लागतील इतपत ट्रेलर वर आणावा. आता बोट हळू आत आणली की तिची नाळ, म्हणजे पुढचे टोक, पट्ट्यांच्या मधल्या जागेत टेकते, पट्ट्याच तिला मध्यभागी धरून ठेवतात आणि उरलेले अंतर विंचने, म्हणजे पट्टा गुंडाळून बोट ओढणाऱ्या हातचक्रीने, ओढून घेता येते. विंच फिरवायला थोडा जोर लागला पाहिजे. अजिबात जोर लागत नसेल तर ट्रेलर अजून खोल आहे आणि हँडल हलतच नसेल तर तो फार वर आहे, असे समजावे. प्रत्येक रॅम्पचा उतार वेगळा असल्यामुळे गाडीची चाके पाण्यापासून किती दूर आहेत, ही खूण धरू नये. पट्ट्या किती बुडाल्या आहेत, हीच खूण धरावी.

चार बोटे मागे सरकण्याचे कारण निराळे आहे. नाळ ठोकळ्याला टेकलेली असताना बोटीची पिछाडी अजून तरंगत असते आणि ट्रेलर वर येताना ती पट्ट्यांवर बसते. या बदलात बोटीचा कोन बदलतो व नाळ ठोकळ्यापासून सुटते. त्यामुळे ट्रेलर थोडा वर ओढून, पिछाडी पट्ट्यांवर टेकली आहे पण पाणी अजून पूर्ण सुटलेले नाही, अशा अवस्थेत थांबावे, हँडब्रेक घट्ट ओढावा आणि उरलेले अंतर तेव्हा विंचने भरून काढावे. हे करताना विंचची खटकी दात्यात बसली आहे याची खात्री करावी आणि विंचच्या ताणलेल्या पट्ट्याच्या रेषेत कोणालाही उभे राहू देऊ नये. पट्टा तुटला किंवा हँडल उलटे फिरले तर हाताचे हाड मोडू शकते. ही भीती अनाठायी नाही. पट्ट्याखेरीज नाळेच्या कडीत सुरक्षेची साखळी अडकवल्याशिवाय ट्रेलर पाण्याबाहेर काढू नये.

एवढे करूनही बोट नेहमी एकाच अंगाला कलत असेल, तर सपाट जमिनीवर दोन्ही पट्ट्यांची उंची आणि चौकटीपासूनचे अंतर टेपने मोजून पाहावे.

प्रश्न : वारा आडवा असला की आम्ही इंजिनाचा जोर लावून बोट थेट ठोकळ्यापर्यंत चढवतो. काही जण याला हरकत घेतात. ते बरोबर आहे का?

उत्तर : त्यांची हरकत रास्त आहे. इंजिनाच्या पंख्याचा झोत रॅम्पच्या टोकाखालची माती उपसतो. तिथे खड्डा पडतो आणि उपसलेल्या मातीचा त्याच्या मागे उंचवटा तयार होतो. पुढे कोणाच्या तरी ट्रेलरची चाके त्या खड्ड्यात उतरतात आणि कोणाचा पंखा त्या उंचवट्यावर आपटतो. अनेक रॅम्पवर यास मनाई असते ती याच कारणाने. आडव्या वाऱ्यात नाळेला एक आणि पिछाडीला एक असे दोन दोर बांधावेत आणि वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला उभ्या असलेल्या व्यक्तीने ते धरावेत. ट्रेलरच्या मागच्या टोकाला दोन उभे मार्गदर्शक खांब बसवले तर एकट्या माणसालाही हे काम जमते.

प्रश्न : दोन वर्षांत ट्रेलरच्या चाकांची बेअरिंग दोनदा खराब झाली. ग्रीस नियमित भरतो, तरीही असे का?

उत्तर : लांबचा प्रवास करून रॅम्पवर पोहोचताच आपण ट्रेलर पाण्यात उतरवता का, हे आधी आठवून पाहावे. धावून आलेल्या चाकाचा मधला भाग गरम असतो. तो एकदम गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलच्या, म्हणजे बेअरिंग बंद ठेवणाऱ्या रबरी कडीच्या, कडेने पाणी आत खेचले जाते. ग्रीसमध्ये पाणी मिसळले की ते दुधट दिसते. बेअरिंग उघडल्यावर असे ग्रीस दिसले तर कारण शोधायला दुसरीकडे जायला नको. रॅम्पवर पोहोचल्यावर चाकाच्या मध्यभागी हात लावून पाहावा आणि तो भाग निवल्यावरच पाण्यात उतरावे. झिजलेले सील तसेच ठेवून नवे ग्रीस भरण्यात काही अर्थ नाही. खाऱ्या पाण्यात ट्रेलर उतरवला असेल तर परतल्यावर चाके, ब्रेक आणि स्प्रिंग गोड्या पाण्याने धुवावेत.

प्रश्न : रस्त्यावर वेग वाढला की आमचा ट्रेलर डावीकडे-उजवीकडे हेलकावे खातो. काय करावे?

उत्तर : बहुधा ट्रेलर गाडीला जोडणाऱ्या पुढच्या दांड्यावर पुरेसे वजन येत नसावे. बोटीच्या ट्रेलरसाठी हे वजन एकूण वजनाच्या साधारण ५ ते १० टक्के धरतात, म्हणजे बोटीसह १,००० किलोच्या ट्रेलरला ५० ते १०० किलो. उत्पादकाने वेगळा आकडा दिला असेल तर तोच पाळावा. सामान पुढे हलवावे, आणि तेवढ्याने भागले नाही तर विंचचा खांब पुढे सरकवून बोटच पुढे घ्यावी. मात्र बोटीची पिछाडी पट्ट्यांच्या टोकाबाहेर लोंबकळू देऊ नये व बोट ट्रेलरला बांधणारे मागचे पट्टे आवळायला विसरू नये. बोटीच्या तळाचे बूच रॅम्पवरच काढावे, कारण आत राहिलेले ५० लिटर पाणी म्हणजे पिछाडीला ५० किलो वजन. हेलकावे सुरू झालेच तर जोराचा ब्रेक मारू नये आणि स्टिअरिंगने ट्रेलर सावरण्याचा प्रयत्न करू नये. स्टिअरिंग सरळ धरून अ‍ॅक्सलरेटरवरचा पाय काढावा.

प्रश्न : ट्रेलरचे दिवे कधी लागतात, कधी लागत नाहीत. बल्ब बदलून झाले.

उत्तर : अर्थिंगची तार तपासावी. ती चौकटीला जिथे स्क्रूने जोडलेली असते तिथे गंज चढतो. तो घासून, धातू चकचकीत करून तार पुन्हा घट्ट बसवावी. यापुढे ट्रेलर पाण्यात नेण्यापूर्वी दिव्यांचा प्लग गाडीपासून काढून ठेवावा.