युद्धबंदी, युद्धविराम की शस्त्रसंधी?

प्रश्न असा आला आहे: "मी लंडनमध्ये शिकते. पॅलेस्टिनी जनतेसाठी निघणाऱ्या मोर्चात आमच्यातला जो तो आपापल्या भाषेत पाटी लिहून आणतो. मला 'सीझफायर' आणि 'सॉलिडॅरिटी' मराठीत लिहायचंय. आजी म्हणते शस्त्रसंधी लिही, बाबा म्हणतात युद्धविराम. मी युद्धबंदी लिहिलं, तर लखनौच्या मैत्रिणीने विचारलं, 'हा मोर्चा कैद्यांसाठी आहे का?' नेमकं काय लिहू?"

आधी मैत्रिणीचं. तिचं चुकलेलं नाही. हिंदीत युद्धबंदी म्हणजे लढाईत पकडला गेलेला सैनिक, आपला युद्धकैदी. मराठीतही बंदी दोन आहेत. एक बंदिवानातला, कैदी या अर्थाचा. दुसरा दारूबंदी, संचारबंदी, नोटाबंदीतला, फारसीतून आलेला. आपल्या युद्धबंदीत हा दुसरा आहे. 1949 नंतर काश्मीरमधल्या रेषेला मराठी वर्तमानपत्रं वर्षानुवर्षं 'युद्धबंदी रेषा' म्हणत आली, ती याच अर्थाने. तरी गाझाच्या या युद्धात ओलीस आणि कैदी हा वाटाघाटींचा गाभाच राहिला असल्यामुळे हिंदी वाचणाऱ्याचा गोंधळ होणं साहजिक आहे.

आजींचा शब्द भारदस्त आहे, पण तो कागदावरचा आहे. संधी म्हणजे जुळणी. ती दोन पक्षांनी सह्या करून होते. 24 फेब्रुवारी 1949 ला ऱ्होड्स बेटावर इजिप्त आणि इस्रायल यांच्यात झाली ती शस्त्रसंधी. नकाशात गाझा पट्टी जी चिंचोळी दिसते, तिची कड त्या करारातल्या रेषेनेच आखली. तुमच्या मोर्चाची मागणी या सगळ्याच्या आधीची आहे. सह्या होतील तेव्हा होतील, बॉम्ब टाकणं आज थांबवा.

युद्धविराम हा शब्द व्याकरणाला धरून आहे, रूढही आहे, पण या प्रसंगी मला तो नको वाटतो. विरामचिन्हं आपण शाळेत शिकलो. स्वल्पविराम आला की वाक्य पुढे चालूच राहतं. गाझात नेमकं तेच झालं. 24 नोव्हेंबर 2023 ला लढाई थांबली आणि 1 डिसेंबरला पुन्हा पेटली. 19 जानेवारी 2025 ला थांबली, 18 मार्चच्या पहाटे पुन्हा बॉम्ब पडले. 2023 च्या त्या थांब्याला सरकारं 'पॉज' म्हणत होती आणि रस्त्यावरची माणसं 'सीझफायर'. हा फरक शब्दांचा कीस पाडण्याचा नव्हता. 27 ऑक्टोबर 2023 ला न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने जो ठराव केला, त्यात 'सीझफायर' नव्हतं, 'ट्रूस', म्हणजे तात्पुरता थांबा, असा मवाळ शब्द होता. भारत त्या मतदानात तटस्थ राहिला. त्याच संध्याकाळी त्याच शहरात, ग्रँड सेंट्रल स्टेशनच्या दालनात शेकडो ज्यू माणसं काळे टी-शर्ट घालून जमिनीवर बसली. त्यांच्या अंगावर लिहिलं होतं: 'सीझफायर', आणि 'आमच्या नावाने नको'. पोलिसांनी त्यांना हात बांधून नेलं. 12 डिसेंबरच्या ठरावात मात्र 'सीझफायर' आलं, बाजूने 153 मतं पडली, त्यात भारताचंही होतं. हा शब्द आधी रस्त्यावर रुजला आणि मग सभागृहात पोचला, हे मला फार मोलाचं वाटतं.

म्हणून माझं मत युद्धबंदीला. आणखी एक कारण म्हणजे घोषणेचा ठेका. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यापासून आपल्या कानात बसलेलं 'झालाच पाहिजे' इथे अलगद बसतं. एकाने म्हणायचं 'युद्धबंदी', बाकीच्यांनी 'झालीच पाहिजे, झालीच पाहिजे!' बंदी स्त्रीलिंगी, म्हणून झालीच. मैत्रिणीसाठी खाली बारीक अक्षरात 'बॉम्बहल्ले थांबवा' लिहा, तिची शंका मिटेल.

आता ज्यांच्यासाठी हे चाललंय त्यांचा शब्द बघा. अरबीत सीझफायरला 'वक्फ इत्लाक अन्‌-नार' म्हणतात, म्हणजे आग सोडणं थांबवणं. यातला वक्फ आपल्याला परका नाही. थांबवून, राखून ठेवलेली मालमत्ता ती वक्फ. शिक्षा मोकूफ झाली, बेत तूर्त मोकूफ ठेवला, यातलं मोकूफ त्याच धातूचं. वाकबगारसुद्धा त्याच घरचा. या धातूचा मूळ अर्थ उभं राहणं. इस्रायलमध्ये ज्यू आणि अरब नागरिकांची मिळून एक चळवळ आहे, या युद्धाविरुद्ध ते रस्त्यावर उतरत आले आहेत. तिचं अरबी नाव 'नकिफ मअन', आपण एकत्र उभे राहू. थांबवा म्हणणारा आणि सोबत उभा राहणारा, दोन्ही शब्द एकाच मुळाचे. मराठीला हे सहज कळतं. 'जरा उभा राहा' म्हणजे थांब. 'पाठीशी उभा राहा' म्हणजे साथ दे.

सॉलिडॅरिटीचं उत्तरही इथेच मिळतं. 'सहानुभूती' नको, त्यात आता दुरून हळहळण्याचा वास येतो. 'एकजूट' आपल्या आपल्यात होते, गिरणीच्या दारात शोभते. 'बांधिलकी' चांगला शब्द आहे, पण भाषणांतून झिजलाय. अरबीत याला 'तदामुन' म्हणतात, आणि त्याच्याच धातूपासून आपला जामीन आला. एकमेकांना जामीन राहणं म्हणजे तदामुन. युरोपी सॉलिडॅरिटीचं मूळही रोमन कायद्यातल्या कर्जात आहे, जिथे प्रत्येक ऋणको सगळ्या रकमेला बांधील असे. ज्याने कधी दुसऱ्यासाठी जामीन म्हणून सही केली आहे, त्याला ठाऊक असतं की हे नुसतं बरं वाटण्याचं काम नाही. उद्या दार वाजलं तर ते आपलं वाजणार. 'आम्ही पॅलेस्टिनींना जामीन' असं पाटीवर लिहिलं तर मात्र लोकांना कोर्ट आठवेल. म्हणून 'पॅलेस्टिनी जनतेच्या पाठीशी उभे आहोत' एवढं पुरे. त्यात थांबणंही आलं आणि साथही.

(मोर्चा हा शब्दही लढाईतला. वेढ्याच्या वेळी तोफा लावायची जागा तो मोर्चा. तो शांततेच्या मागणीसाठी वापरात आला याचा मला आनंदच आहे.)

पाटी रंगवताना एक सांभाळा. 'युध्द' लिहू नका, 'युद्ध' लिहा. आधी द, मग ध. म्हणजे 'द' च्या पोटाखाली 'ध'. फलकांवर हे सर्रास उलटं झालेलं दिसतं. जाड ब्रशने हे जोडाक्षर भरून काळं होतं, तेव्हा पुठ्ठ्यावर आधी पेन्सिलीने काढून घ्या. आणि जागा असेल तर द्‌ पाय मोडून 'युद्‌ध' लिहिलं तरी चालेल, मराठी शाळांत आता तसंही शिकवतात.