हर्क्युलसच्या अंगावर एवढे गोळे कशाला?

प्रश्न : मी रोज सकाळी तालमीत जातो. परवा मोबाईलवर एका जुन्या डच चित्रात हर्क्युलस बघितला, अंगावर बटाट्याचं पोतं ओतल्यासारखे स्नायू, त्यातले काही तर माणसाला असतात तरी का कळेना. चित्रकाराला शरीर येत नव्हतं की मुद्दाम केलंय?
– एक वाचक, कसबा पेठ, पुणे

उत्तर : मुद्दामच. तुम्ही बघितलेला बहुतेक हेंड्रिक गोल्ट्झियसचा १५८९ चा 'मोठा हर्क्युलस', म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर रेघा कोरून कागदावर छापलेलं चित्र (एनग्रेव्हिंग), आणि बटाटे तुम्हा एकट्यालाच दिसले असं नाही हं, डच लोकांनीही पुढे त्याला कंदमुळांचा माणूस म्हणून चिडवलंय. गोल्ट्झियस नेदरलँड्समधल्या हार्लेम शहराचा, आणि तिथे तेव्हा श्प्रांगर नावाच्या चित्रकाराची हवा होती. हा श्प्रांगर प्रागला सम्राट रुडॉल्फ दुसऱ्याच्या पदरी, त्याची ड्रॉइंग्ज कारेल व्हान मान्डर या चित्रकाराने हार्लेमात दाखवली नि मग पिळदार, वळलेली शरीरं ही फॅशनच झाली. पण माझ्या मते खरी गंमत त्या तांब्याच्या पत्र्यात आहे. तांबट आळी तुमच्या शेजारीच, पण तिथली ठोकाठोक इथे नाही, ब्युरिन नावाचं टोकदार हत्यार तळहाताने पुढे रेटायचं आणि वळण आलं की पत्राच फिरवायचा, दाब वाढवला की चर खोल आणि रुंद होते, सैल सोडला की केसासारखी बारीक, शाई भरून छापलं की तीच रेघ मध्ये फुगलेली नि टोकाला निमुळती दिसते. आता अशी रेघ ज्याच्या हातात आहे तो सपाट पोट कशाला काढेल? त्याला गोळेच हवेत, एकेकावर रेघ चढवायची नि उतरवायची. अॅमस्टरडॅमच्या रिक्सम्युझियमच्या साइटवर मोठी इमेज फुकट मिळते, मांडी झूम करून बघा, जवळून स्नायू गायब, नुसत्या रेघा. आणि हे सगळं गोल्ट्झियसने लहानपणी भाजून आखडलेल्या उजव्या हाताने बरं का!

शरीर येत नव्हतं म्हणावं तर १५९०-९१ मध्ये हा रोमला गेला, तिथे फार्नेस हर्क्युलस हा प्राचीन पुतळा समोर बसून काढला आणि त्यावरून एनग्रेव्हिंग केलं, पाठमोरं. धिप्पाड तोही आहेच, पण सगळं जागच्या जागी, आणि खाली कोपऱ्यात दोन माणसं मान वर करून बघतायत. मला हाच जास्त आवडतो. पत्रा साधारण १५९२ चा, छापून बाहेर आला मात्र १६१७ ला, गोल्ट्झियस वारला त्याच वर्षी.