बदकांचे फोटो काळपट येतात, ६०० मिमीची लेन्स घ्यावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: क्रॉप सेन्सरचा (म्हणजे लहान सेन्सरचा) कॅमेरा आणि ७०-३०० मिमी लेन्स घेऊन डिसेंबरच्या सुरुवातीला निफाडजवळच्या नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्यात गेलात, दुपारपर्यंत निरीक्षण मनोऱ्यावरून फोटो काढले, सगळी बदकं काळपट ठिपक्यांसारखी आली. आता ६००ची लेन्स घ्यावी का?

एवढ्यात नको. त्याच मनोऱ्यावरून, त्याच वेळी ६००ने काढलात तर ठिपका मोठा येईल, काळपटच येईल. ऊन चढलं की पाण्यावरची आणि चिखलावरची हवा थरथरू लागते. मग दूरवरचं बदक कितीही महागड्या काचेतून भुसभुशीतच दिसतं. मनोरा दुर्बिणीसाठी उत्तम आहे, फोटोसाठी नाही. वरून काढलेल्या बदकाची पाठ दिसते, डोळा दिसत नाही.

महिनाही तुमच्या विरुद्ध होता. थापट्या, तलवार बदक यांचे नर उत्तरेकडून येतात ते मादीसारख्या मातकट पिसाऱ्यात. विणीचा रंगीत पिसारा हळूहळू चढतो, थापट्याचा तर बराच उशिरा आणि भुवई बदकाचा त्याहून उशिरा. मकरसंक्रांत ते फेब्रुवारीअखेर हा खरा काळ. हळदी-कुंकू बदक मात्र कधीही काढा. ते इथलंच, बारमाही एकसारखं दिसतं, आणि चोचीवरचा लाल-पिवळा रंग ३००लाही झकास येतो.

आता उन्हाचं. थापट्याच्या डोक्याचा हिरवा रंग रंगद्रव्याचा नाही, पिसाच्या सूक्ष्म रचनेवरून परतणाऱ्या प्रकाशाचा आहे. सूर्य तुमच्या पाठीशी असेल तर तो झळकतो. कोन बदलला की तेच डोकं जांभळट, नाहीतर सरळ काळं. म्हणून सकाळी पाण्याच्या पूर्वेच्या काठावर, पश्चिमेकडे तोंड करून बसा. उभं राहू नका, बसा. जमलं तर पालथे झोपा. निफाडच्या थंडीत ओल्या काठावर झोपायचं म्हणजे शिक्षाच आहे, पण कॅमेरा पाण्यालगत आला की मागचा काठ धूसर होतो आणि पक्षी उठून दिसतो.

याच जागेचा दुसरा फायदा वाऱ्याचा, आणि त्याकडे फार कमी लोक लक्ष देतात. बदकं वाऱ्याच्या दिशेला तोंड करून उतरतात आणि तशीच उडतात. हिवाळ्यात आपल्याकडे सकाळचा वारा बऱ्याचदा पूर्वेकडून किंवा ईशान्येकडून असतो. म्हणजे ऊनही पाठीशी आणि वाराही पाठीशी, आणि उतरणारा थवा पाय पुढे काढून थेट तुमच्याकडे तोंड करून येतो. हीच जागा धरून दोन तास हलू नका. पक्ष्यांच्या मागे काठाकाठाने फिरणाऱ्याला शेपट्याच मिळतात.

उडवण्यासाठी टाळ्या वाजवणारे, दगड मारणारे महाभाग तिथे भेटतील. त्यांची काही गरज नसते. दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी एक चक्कर मारतो आणि सगळं पाणी आपोआप उठतं. शिवाय बदक अंघोळ करताना दिसलं की बोट शटरवर ठेवा. बहुतेक वेळा अंघोळ संपली की ते अंग उचलून पंख झाडतं. थापट्या, तलवार जागेवरून सरळ वर उठतात, तर वारकरी हा काळा पाणपक्षी पाण्यावर धावत धावत उडतो. त्याची ती पळापळ मला बदकांपेक्षाही आवडते.

सेटिंगचं फार डोकं लावू नका. शटरचा वेग पोहणाऱ्याला १/१००० सेकंद, उडणाऱ्याला १/२०००, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ऑटो, फाइल रॉ. चमकत्या पाण्यावर कॅमेरा फसतो आणि पक्षी काळा करतो, तिथे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करण्याचं सेटिंग) +१ करा. तलवार बदकाची पांढरी छाती उन्हात असेल तर उलट -२/३, नाहीतर पिसांचा तपशील जातो.

जवळून हवं असेल तर उजनी धरणाच्या फुगवट्यावर भिगवणजवळ कुंभारगावला जा. तिथले मच्छीमार होडीतून नेतात. पाण्यालगतची उंची आयती मिळते आणि ३०० (तुमच्या क्रॉप सेन्सरमुळे ४५०सारखी) पुरते. पावसाळा चांगला झाला असेल तर डिसेंबरात फुगवटा तुडुंब असतो, पक्षी पांगलेले असतात. पाणी ओसरून चिखल उघडा पडला की मजा. नावाड्याला निघतानाच सांगा: थव्यात घालू नका, लांबूनच इंजिन बंद करा. पोहणाऱ्या बदकांच्या माना एकदम ताठ झाल्या की होडी जास्त जवळ आली असं समजा, तिथेच थांबवा.

एवढं करूनही ६००चा मोह राहिला तर शनिवार-रविवारसाठी पुण्यात भाड्याने घेऊन बघा. १५०-६०० प्रकारच्या लेन्स सुमारे दोन किलोच्या असतात, आणि होडीत ट्रायपॉड कामाचा नाही, इंजिन चालू असलं की सगळी थरथर त्यातून कॅमेऱ्यात येते. हातात धरून तासभर पेलवली, तरच विकत घ्या.