वाचकांचे प्रश्न : अर्धवट राहिलेले वाक्य

प्रश्न : मी एका कंपनीच्या हिशेब विभागात नऊ वर्षांपासून काम करते. महिन्याचा खर्च-अहवाल तयार करणे हे माझे मुख्य काम असून ते मला मनापासून आवडते. परंतु गेल्या वर्षभरात असे होऊ लागले आहे की, सकाळी साडेनऊला उघडलेली अहवालाची फाइल संध्याकाळपर्यंत तशीच उघडी राहते. मध्ये मेल येतात, कामाच्या चार ग्रुपवर संदेश येत राहतात आणि कोणी ना कोणी ‘दोन मिनिटांचा कॉल’ म्हणून बोलावते. परवा फाइलकडे परतले तेव्हा पडद्यावर माझेच वाक्य होते : ‘या महिन्यात खर्च वाढण्याचे प्रमुख कारण म्हणजे’, आणि पुढे काहीच नव्हते. ते कारण कोणते, हे मला बराच वेळ आठवेना. दिवसभर हात चालू असतात, संध्याकाळी अंगात त्राण उरत नाही, पण आज काय केलेस असे कोणी विचारले तर सांगता येत नाही. माझी आकलनशक्ती कमी होऊ लागली आहे का?

उत्तर : आपण जे लिहिले आहे, त्यात आकलनशक्ती कमी झाल्याची खूण मला कोठेही दिसत नाही. जिला स्वतःचे अर्धवट वाक्य आणि त्या वेळची अडचण इतक्या नेमकेपणाने सांगता येते, तिने ही शंका आधी मनातून काढून टाकावी. आपल्या बाबतीत जे घडते आहे, त्याचा अभ्यास संशोधकांनी केलेला आहे. सोफी लरॉय यांनी २००९ मध्ये दाखवून दिले की, माणूस एका कामावरून दुसऱ्या कामाकडे वळला तरी त्याचे लक्ष पूर्णपणे वळत नाही. त्याचा काही भाग आधीच्या कामात, विशेषतः ते अपुरे राहिले असेल तर, घुटमळत राहतो आणि तेवढ्या प्रमाणात दुसरे कामही कच्चे होते. म्हणजे मेलला उत्तर देताना आपण थोड्या अहवालात असता आणि अहवालाकडे परतल्यावर थोड्या त्या मेलमध्ये. दिवसातून चाळीस वेळा असे झाले, तर ते वाक्य पूर्ण होणार तरी केव्हा?

‘दोन मिनिटांचा कॉल’ या शब्दप्रयोगाबद्दल तर माझी गंभीर तक्रार आहे. ती दोन मिनिटे केवळ बोलण्याची असतात. कामाकडे परतायला लागणारा वेळ त्यात कोणीच धरत नाही. ग्लोरिया मार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कार्यालयांत प्रत्यक्ष माणसांशेजारी बसून नोंदी केल्या, तेव्हा २००५ मध्ये असे आढळले की, मध्येच तुटलेले काम त्याच दिवशी पुन्हा हाती घेतले जाईपर्यंत सरासरी सुमारे २५ मिनिटे जातात आणि दरम्यान माणूस आणखी दोनेक कामांत शिरलेला असतो.

आपल्या थकव्याचे कारण मात्र मार्क यांच्या २००८ मधील प्रयोगात अधिक स्पष्टपणे सापडते. व्यत्यय येत असलेल्या माणसांनी आपले काम व्यत्यय नसलेल्यांपेक्षा कमी वेळात संपवले आणि कामाचा दर्जाही घसरला नाही. पण ही भरपाई त्यांनी अधिक घाईने केली आणि तिच्याबरोबर ताण, वैताग व वेळेचे दडपण वाढले. ही बाब वरिष्ठांनीही समजून घ्यायला हवी, कारण अहवाल महिनाअखेरीस वेळेवर टेबलावर येतो, त्यामुळे सारे सुरळीत आहे असे त्यांना वाटते, आणि त्यासाठी जी किंमत मोजावी लागली तिची नोंद कोणत्याही तक्त्यात होत नाही.

आता उपायांविषयी. पहिला उपाय अगदी लहान आहे आणि आपल्या त्या वाक्यासाठीच आहे. कोणीही बोलावले, तरी उठण्यापूर्वी अर्धी ओळ लिहून ठेवावी : ‘कारण – मालवाहतुकीची थकलेली बिले, पुढे तक्ता ३ तपासणे.’ याला दहा सेकंद पुरतात. लरॉय यांनी टेरेसा ग्लॉम्ब यांच्यासमवेत २०१८ मध्ये हाच उपाय तपासला आणि आपण कोठे थांबलो व परतल्यावर काय करायचे, हे लिहून ठेवणाऱ्यांचे लक्ष नव्या कामात अधिक चांगले लागते, असे त्यांना आढळले. दुसरा उपाय मेल ठरावीक वेळीच पाहण्याचा आहे. कोस्टादिन कुश्लेव आणि एलिझाबेथ डन यांच्या २०१५ च्या अभ्यासात १२४ जणांनी एक आठवडा दिवसातून तीनदाच मेल पाहिले आणि एक आठवडा मनाला येईल तितक्या वेळा; तीनदा पाहिले त्या आठवड्यात त्यांचा रोजचा ताण कमी होता.

मात्र हे सारे एकट्या आपल्या निग्रहावर टिकेल, असे मी सांगणार नाही. विभागातील इतरांना पाच मिनिटांत उत्तराची सवय असेल, तर तीन वाजता मेल उघडणारी व्यक्ती कामचुकार ठरते. म्हणून तीन दिवस एक साधी नोंद ठेवा : अहवाल सोडून जावे लागले की कागदावर एक रेघ आणि शेजारी कारण. यातील काही रेघा आपण स्वतःहून फोन पाहिल्याच्याही असतील. त्याही प्रामाणिकपणे मांडाव्यात. तो कागद घेऊन वरिष्ठांना भेटा आणि दोनच गोष्टी मागा. सकाळचे दोन तास अहवालासाठी मोकळे असावेत, आणि खरोखर तातडीचे असेल तर थेट फोन करावा, बाकी सर्व मेलवर यावे. ‘फार संदेश येतात’ या तक्रारीवर वरिष्ठ सहानुभूती दाखवून गप्प बसू शकतात. रेघांच्या कागदावर त्यांना काहीतरी ठरवावे लागते.

प्रश्न : मी बारा जणांच्या गटाचा प्रमुख आहे. मुले झोपल्यावर रात्री मी शांतपणे मेल लिहितो. उत्तर लगेच द्यावे अशी माझी मुळीच अपेक्षा नसते, तरीही सहकारी अकरा वाजता उत्तरे पाठवतात. यात माझी चूक आहे का?

उत्तर : आपला हेतू चांगला आहे, पण तो सहकाऱ्यांपर्यंत पोहोचत नाही. लॉरा गिर्गे आणि व्हॅनेसा बोन्स यांनी २०२१ मध्ये दाखवले की, कामाच्या वेळेबाहेर आलेल्या, तातडीच्या नसलेल्या मेलला पाठवणाऱ्याला किती लवकर उत्तर हवे आहे, याचा अंदाज घेणारा माणूस वाजवीपेक्षा जास्त घाई गृहीत धरतो. पाठवणाऱ्याने ‘उत्तराची घाई नाही’ असे स्पष्ट लिहिले, की हा गैरसमज कमी होतो. त्यातही आपण प्रमुख असल्यामुळे आपल्या नावाचा मेल रात्री दिसला, की तो आज्ञेसारखाच वाचला जातो. तेव्हा रात्री जरूर लिहा; मात्र मेल सकाळी नऊला जाईल अशी वेळ लावून ठेवा. ही सोय आता बहुतेक मेल-सेवांत असते.

प्रश्न : फोनवरील सर्व नोटिफिकेशन कायमची बंद करावीत का?

उत्तर : सरसकट बंद करू नयेत. २०१९ मध्ये निकोलस फिट्झ, कुश्लेव आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, नोटिफिकेशन दिवसातून तीन ठरावीक वेळी एकत्र मिळणाऱ्यांना अधिक बरे वाटले, तर मुळीच न मिळणाऱ्यांची अस्वस्थता वाढली, कारण आपले काही सुटते आहे का ही चिंता त्यांचा पाठलाग करत राहिली. घरच्या दोन-तीन माणसांचे फोन चालू ठेवावेत आणि बाकीचे गठ्ठ्याने पाहावे.